कुत्र्याला झटका आला, तर आधी घड्याळ बघा

कुत्र्याला फिट आली की गावात दोन आवाज एकदम उठतात. एक म्हणतो, 'कांदा आणा, कांदा हुंगवा.' दुसरा म्हणतो, 'दूर व्हा, पिसाळलाय तो.' पहिल्याने कुत्र्याचे काही भले होत नाही. दुसऱ्याने मात्र अनेकदा त्याचा जीव जातो, कारण तोंडाला फेस आलेल्या कुत्र्यावर काठी उचलताना कुणी फारसा विचार करत नाही. गोंदिया शहरात लॅब्राडॉर पाळणारे असोत, की सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडे धानाच्या बांधीवर राखणीला गावठी कुत्रा ठेवणारे असोत, हे आवाहन दोघांनाही आहे. एवढेच सांगायचे आहे की झटका आला तर काय करायचे, हे झटका येण्याआधी ठरवून ठेवा. आपल्याकडे ढोरांचा डॉक्टर रात्री दोन वाजता दाराशी येत नाही. पहिल्या काही मिनिटांचा उपचार घरच्यांनाच करावा लागतो.

झटका कसा दिसतो ते आधी सांगतो, म्हणजे प्रत्यक्ष पाहाल तेव्हा घाबरगुंडी थोडी कमी होईल. चांगला हिंडता-फिरता कुत्रा अचानक एका कुशीवर पडतो. पाय ताठ होतात, मान मागे ओढली जाते, क्षणभर श्वास थांबल्यासारखा वाटतो. मग चारही पाय पोहल्यासारखे हलू लागतात, जबडा कडकड वाजतो, लाळेचा फेस होतो, बसल्या जागी लघवी-शी होते. डोळे उघडे असतात, पण तो तुम्हाला पाहत नसतो. तो बेशुद्ध असतो. कण्हल्या-विव्हळल्याचा आवाज आला तरी त्याला त्या वेळी वेदना कळत नसतात. खरे हाल होतात ते पाहणाऱ्याचे.

बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा, चपलेचा वास, हातात दिलेली किल्ली, अंगारा या सगळ्यांना जे नाव मिळाले ते यामुळेच. कांदा शोधून, फोडून, नाकाशी नेईपर्यंत दीड मिनिट होते आणि झटका थांबायची वेळ झालेलीच असते. श्रेय कांद्याला जाते.

म्हणून पहिले काम घड्याळ बघणे. मोबाइल हाताशी असेल तर स्टॉपवॉच लावा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढे वाटते, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर 'लय वेळ चालला साहेब' या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो. पाच मिनिटे ही सीमा आहे. पाच मिनिटांच्या पुढे चाललेला झटका स्वतःहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते, स्नायूंच्या सततच्या ओढाताणीने अंग तापते आणि मेंदूला इजा होऊ लागते. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही. चोवीस तासांत दोन किंवा जास्त झटके आले, किंवा एक संपून कुत्रा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा सुरू झाला, तरी तेच. एकच झटका येऊन कुत्रा तासाभरात सावरला, तर मध्यरात्री गाडी हाकायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी दाखवा, पण दाखवाच.

त्या दोन मिनिटांत हाताने काय करायचे? खरे तर फार थोडे. पलंगावर असेल तर खाली पडू देऊ नका. जिना, चूल, विहिरीचा काठ, बोडी जवळ असेल तर कमरेकडून किंवा खाली चादर सरकवून त्याला बाजूला ओढा. डोक्याखाली जुने धोतर, पोते, काहीही मऊ. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला आधी बाहेर काढा. तडफडणाऱ्या सोबत्यावर एरवीचा मवाळ कुत्राही तुटून पडतो, असे होते. टीव्ही बंद, दिवा मंद, मुले दूर. घरातल्या एकाने व्हिडिओ काढावा. हे निर्दयपणाचे वाटेल, पण डॉक्टरांसमोर जाईपर्यंत कुत्रा ठणठणीत असतो आणि त्यांना दिसते ते फक्त शेपूट हलवणे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानातला तोल बिघडतो, मान तिरकी होते, डोळे भिरभिरतात, तो कोलमडतो. हृदयाच्या आजारात कुत्रा भोवळ येऊन लुळा पडतो. लोक या दोन्हींना फिटच म्हणतात. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असेल तर डॉक्टर फरक ओळखू शकतात.

तोंडात मात्र हात घालायचा नाही. चमचाही नाही, काठी नाही, कापड नाही. 'जीभ गिळेल' ही भीती खोटी आहे. कुत्रा जीभ गिळत नाही. जबडा मिटताना जीभ थोडी चावली जाईल, रक्तही येईल, ते भरून निघते. तुमचे तुटलेले बोट तसे भरून निघत नाही. पाणी पाजायचे नाही, दूध नाही, गोळी नाही. बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात ओतलेले पाणी पोटात जाण्याऐवजी फुप्फुसात जाते, आणि झटक्यातून वाचलेला कुत्रा न्यूमोनियाने जातो. चौघांनी पाय दाबून धरल्यानेही झटका थांबत नाही.

डोळे मिटवून पापण्यांवरून हलका दाब द्यायचा, किंवा पाठीच्या मधल्या-खालच्या भागावर बर्फाची पिशवी धरायची, असे उपाय कुत्रा पाळणाऱ्यांच्या मंडळींत सांगितले जातात. डोळ्यांवरच्या दाबाबद्दल १९९९ साली अमेरिकेच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला होता. तो होता सात कुत्र्यांवर. सात कुत्र्यांवरून सगळ्यांचा नियम करता येत नाही. तडफडणाऱ्या जनावराच्या तोंडाजवळ बोटे नेऊन डोळे दाबायचे, तर चावा बसायचा किंवा डोळ्याला इजा व्हायची. मी हे करायला सांगणार नाही. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून पाठीवर धरलीत तर फार बिघडणार नाही, पण तिच्या भरवशावर पाच मिनिटांचे घड्याळ विसरू नका.

आपल्या भागाचा एक धोका शहरी पुस्तकांत सापडत नाही. रानडुकरांपासून धान राखायला, कधी शिकारीलाही, शेताच्या धुऱ्यावर विजेची जिवंत तार सोडण्याचा बेकायदा प्रकार झाडीपट्टीत चालतो. शेतात कुत्रा तडफडताना दिसला, तर धावत जाऊन त्याला उचलू नका. आधी आजूबाजूला तार बघा. जमीन ओली असेल तर लांबच थांबा, वीज बंद करवा, मगच जवळ जा. तारेला लागलेल्या कुत्र्याला सोडवायला गेलेला माणूसही तिथेच राहू शकतो.

दुसरी आपली गोष्ट म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि टिनाच्या शेडखाली साखळीने बांधलेल्या कुत्र्याला उष्माघात होऊन झटके येतात. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्तच. गुदद्वारात थर्मामीटर लावून ते १०५ च्या वर दिसले, की साधे नळाचे पाणी अंगावर ओता, पोट आणि मांड्यांवर जास्त, आणि पंखा किंवा कूलर समोर ठेवा. बर्फाच्या पाण्याच्या टाक्यात बुडवू नका. शहारे येतात, कातडीच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. तापमान १०३ वर आले की पाणी थांबवा, नाहीतर ते खाली घसरतच जाते. थंड झाला म्हणून बरा झाला असे समजू नका, दवाखान्यात न्याच. साध्या फिटमध्येही पाच-दहा मिनिटे तडफडलेल्या कुत्र्याचे अंग असेच भाजू लागते, तेव्हाही हाच उपाय.

आता अंतराचा प्रश्न. गावोगावी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण श्रेणी-२ च्या दवाखान्यात सहसा पशुधन पर्यवेक्षक असतात. पदवीधर डॉक्टर भेटतात ते श्रेणी-१ मध्ये. त्यांचा बहुतेक दिवस गाई-म्हशींच्या मागे जातो. मोठ्या तपासण्यांसाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचे. गोंदियाहून तिथे जायला सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा प्रवास. रेल्वेने पटकन पोहोचता येईल असे मनात येते, पण साध्या डब्यात कुत्रा नेऊ देत नाहीत. म्हणजे भाड्याची गाडी, आणि ती मध्यरात्री देईल असा माणूस. १९६२ हा शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे. ही पथके मुख्यतः गुराढोरांसाठी आहेत. आपल्या तालुक्यात कुत्र्यासाठी काय मदत मिळेल, हे एखाद्या निवांत दुपारी फोन करून विचारून ठेवा.

पाच मिनिटांची सीमा आणि दोन-तीन तासांचा रस्ता, या दोन्हींचा मेळ एकाच रीतीने बसतो. औषध घरात असले पाहिजे. पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांकडे जाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: 'साहेब, पुन्हा रात्री-बेरात्री झटका आला आणि थांबला नाही, तर घरी देता येईल असे औषध लिहून द्याल का?' अशी औषधे दोन आहेत. एक डायझेपाम, सुई नसलेल्या सिरिंजने गुदद्वारातून द्यायचे. दुसरे मिडाझोलाम, नाकात फवारायचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत न थांबणाऱ्या झटक्यांवर दोन्हींची तुलना झाली. नाकातल्या मिडाझोलामने २० पैकी १४ कुत्र्यांचा झटका थांबला, गुदद्वारातल्या डायझेपामने १५ पैकी फक्त ३ कुत्र्यांचा. आकडे लहान आहेत, पण फरक मोठा आहे, म्हणून डॉक्टरांशी नाकातल्या औषधाबद्दल जरूर बोला. लहान मुलांच्या झटक्यांसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आपल्याकडे मिळतो. त्याच्या एका फवाऱ्यात औषध थोडेच असते, त्यामुळे तुमच्या कुत्र्याला किती फवारे, ते वजन करून डॉक्टरांनीच कागदावर लिहून द्यायला हवे. डोस मी मुद्दामच इथे देत नाही. ही औषधे चिठ्ठीवरच मिळतात आणि तेच बरोबर आहे. एकावर एक जास्त मात्रा गेली तर श्वास मंदावतो. एकदा दिल्यावर पुन्हा कधी द्यायचे, जास्तीत जास्त किती वेळा, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

डायझेपाम घरी ठेवणार असाल तर एक बारीक गोष्ट. ते प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवू नका. प्लॅस्टिक ते शोषून घेते आणि ऐन वेळी सिरिंजमध्ये औषधाचा जोर उरत नाही. काचेच्या अँप्युलमध्येच, उजेडापासून दूर ठेवा, आणि शेजारी रिकामी सिरिंज. मुदत संपल्याची तारीख दिवाळीच्या साफसफाईत तरी बघत जा.

झटका कशामुळे आला, हे घरी ठरवता येत नाही, पण काही खुणा डॉक्टरांना सांगता येतात आणि त्यावर उपचार बदलतो. सहा महिने ते सहा वर्षे वयाचा, एरवी निरोगी कुत्रा, रक्ततपासणीही ठीक, आणि अधूनमधून झटके, असे असेल तर बहुधा जन्मजात मिरगी. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल यांच्या काही घराण्यांत ती उतरते. अशा कुत्र्याची पैदास करू नका, पिल्लांना गिऱ्हाईक असले तरी. इवल्याशा पिल्लाला उपाशी पोटी, थंडीत झटका आला तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तिथे मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांना बाहेरून चोळा, तोही दात आवळलेले नसताना. पिल्ले झाल्यावर दोन-चार आठवड्यांत दूध पाजणारी कुत्री थरथरू लागली, ताठली, धापा टाकू लागली, तर रक्तातले कॅल्शियम घसरलेले असते. पिल्ले लगेच अंगावरून काढा आणि डॉक्टर गाठा. कॅल्शियमचे इंजेक्शन गावातल्या कुणाही हौशी माणसाकडून शिरेत देऊन घेऊ नका, घाईने गेले तर हृदय थांबते. आणि गाभण असताना बाटल्याच्या बाटल्या कॅल्शियम पाजणे टाळा; त्याने नंतरचा धोका उलट वाढतो.

विषाचा संशय आपल्याकडे रोवणीपासून कापणीपर्यंत मनात ठेवलाच पाहिजे. गादमाशी, खोडकिडा, तुडतुडे यांच्यासाठी घरात काही ना काही असतेच. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तरी जुना डबा गोठ्याच्या आढ्यावर पडून असतो. लाळेच्या धारा, डोळ्यांतून पाणी, पातळ शी, बारीक झालेल्या बाहुल्या, अंगभर स्नायूंचे फडफडणे आणि मग झटके, अशी मालिका दिसली तर औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखान्यात जा. लेबल पाहिल्यावर डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नका. गाई-बैलांचे गोचिडाचे औषध पाणी न मिसळता कुत्र्याच्या अंगावर चोळणारे लोकही आहेत; त्याने झटके आले तर आधी साबणाने धुऊन काढा, हातात प्लॅस्टिक घालून. उंदरांच्या विषाच्या गोळ्या तर घरोघरी. त्या कुठे ठेवल्या, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

लस न दिलेल्या पिल्लाला आधी ताप, डोळ्या-नाकातून घाण, हगवण, आणि दोन-चार आठवड्यांनी जबड्याचे चघळल्यासारखे झटके किंवा एकाच पायाचे सतत उडणे, हे डिस्टेंपरचे चित्र आहे. त्यावर नेमके औषध नाही, लस आहे. ही लस फक्त तुमच्या पिल्लासाठी नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेच्या गावांतली कुत्री जंगलात जातात, आणि तिथे रानकुत्र्यांचे कळप आहेत, वाघ आहेत. हा विषाणू त्यांनाही लागतो. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, त्यात याच विषाणूचा हात सापडला होता. जंगलाला लागून राहणाऱ्यांनी गावकुत्र्यांना लस टोचून घेणे हे वनखात्याचेच काम समजू नये.

आता पिसाळण्याबद्दल. झटका म्हणजे रेबीज नव्हे. मिरगीचा कुत्रा झटक्यानंतर काही मिनिटांत ते काही तासांत पूर्वीसारखा होतो, खातो, पितो, ओळखतो. रेबीजचा कुत्रा माघारी येत नाही. त्याचे रोज बिघडतच जाते. आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाकूड-दगड चावतो किंवा अंधारात दडून बसतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. पण खात्री नसताना धाडस करू नका. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नसेल, तो नुकताच कुणाला चावला असेल किंवा त्याला कुणी चावले असेल, वागणे बदललेले असेल, तर त्याला हात न लावता बंद जागी ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. त्याची लाळ तुमच्या जखमेला, ओरखड्याला लागली असेल किंवा दात लागला असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद-तिखट भरू नका. कुत्र्याला दरवर्षी लस असेल आणि तिचा कागद घरात असेल, तर ही सारी चिंता अर्ध्यावर येते, आणि काठी घेऊन आलेल्या शेजाऱ्याला दाखवायलाही तो कागद कामी येतो.

झटका थांबल्यावर कुत्रा उठतो, पण तो अजून आपला नसतो. भिंतीला धडकतो, थोडा वेळ आंधळ्यासारखा वागतो, दार नसलेल्या बाजूने बाहेर जाऊ पाहतो, भुकेने वखवखतो. धन्यालाही चावू शकतो. मिठी मारायला धावू नका. नावाने हलक्या आवाजात बोलत राहा, एका खोलीत मोकळे सोडा. नीट गिळता येते असे दिसले की थोडे पाणी, मग थोडा भात.

रोजची गोळी कधी सुरू करायची, हे डॉक्टर ठरवतात. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त झटके, लांबलेला झटका किंवा एकापाठोपाठ आलेले झटके असतील तर सहसा सुरू करतात. आपल्याकडे बहुधा फिनोबार्बिटोन, औषध दुकानात 'गार्डिनल' म्हणून ओळखले जाणारे. पूर्ण असर दिसायला दोनेक आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत कुत्रा सुस्त होतो, मागचे पाय लटपटतात, तहान-भूक वाढते. घाबरून गोळी बंद करू नका. एकदम बंद केल्यानेच सर्वांत वाईट झटके येतात, अगदी न थांबणारे. दर बारा तासांनी म्हणजे बारा तासांनी. लग्नाला बाहेरगावी गेलो म्हणून दोन दिवस राहून गेले, असे चालत नाही. लहान गावात ही गोळी दुकानात संपलेली असते, म्हणून शेवटच्या पट्टीवर आल्यावर नाही, दोन आठवडे आधीच मागवा. घरातल्या माणसाची मिरगीची गोळी अंदाजाने कुत्र्याला देऊ नका. कुत्र्याचे शरीर ती वेगळ्या वेगाने पचवते. यकृताची आणि औषधाच्या पातळीची रक्ततपासणी सांगितली असेल तर ती खर्चिक म्हणून टाळू नका. पोटॅशियम ब्रोमाइड चालू असेल तर खाण्यातले मीठ रोज सारखे ठेवा. आज पापड-लोणच्याचे उष्टे, उद्या आळणी भात, असे झाले तर औषधाची रक्तातली पातळीच बदलते.

आणि एक वही ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी काय खाल्ले, फवारणी झाली होती का, गोळी वेळेवर दिली होती का. वहीच्या पहिल्या पानावर कुत्र्याचे वजन, डॉक्टरांचा नंबर, रात्री गाडी देणाऱ्याचा नंबर आणि आणीबाणीच्या औषधाचा डॉक्टरांच्या हातचा कागद चिकटवा. वही कपाटात कुलपात नको, ओसरीत खिळ्याला टांगा, आणि तुम्ही रोवणीला गेलात तर घरी मागे राहणाऱ्या आजीला किंवा शाळकरी पोराला एकदा ते पान वाचून दाखवा.